घर पाहायचा रविवार

बेबीताईच्या घरात काही खोट नव्हती, आणि तीच त्या घराची सगळ्यात मोठी खोट होती.

दार पूर्वेला. भर मे महिन्यात शेजारच्या बोअर खोकायला लागायच्या तेव्हा हिची बोअर भरल्या धारेनं पाणी द्यायची. स्लॅब कधी गळला नाही. अंगणात कडूलिंब, लिंबाखाली गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण, आणि बसथांबा इतका जवळ की गाडीचा भोंगा ऐकून चहाचा शेवटचा घोट घ्यावा आणि तरी गाडी गाठावी. शिरपूरसारख्या येत्या-जात्या गावात असं घर विकायला निघालं म्हटल्यावर गिऱ्हाइकांच्या उड्या पडायला हव्या होत्या.

पडला तो प्रश्न. प्रत्येकाचा तोच.

"घर तं झकास आहे ताई. पन इकून काहून राह्यल्या?"

"मले वाशिमले खानावळ टाकाची आहे. मैत्रीण आहे तिथं. दोघी मिळून टाकू."

"हो, ते खानावळीचं समजलं." माणूस चप्पल घालता घालता थांबायचा, आवाज खाली आणायचा. "पन खरं कारन काय?"

आता खरं कारण हेच होतं, त्याला बेबीताई काय करणार? नवरा देवीदास जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो कंडक्टर होता. एकुलता एक, त्यामुळे भाऊबंदकी नाही. पोटी लेकरू नाही. तो गेल्यावर बेबीताईनं गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं, आणि ते काम होतं तोवर एकटेपण कशाला म्हणतात ते तिला कळलंच नाही. ताटं आपटणारी पोरं, खरवडीसाठी एकमेकांच्या उरावर बसणारी पोरं, "मावशे, आज मीठ इसरली" असं तोंडावर सांगणारी पोरं. मग शिजवणारा बचतगट बदलला आणि तिचं काम गेलं. शाळाभर पोरांचा अंदाज हातात बसलेली बाई एकटीसाठी तांदूळ घ्यायला बसली की हात चुकायचाच. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीचा. वर्षभर रोज फोडणीचा भात खाऊन पाहा, मग समजेल माणूस घर का विकतो ते.

आणि वाशिमला जमनाबाई होती. इंझोरीची, बेबीताईच्या माहेरच्या गल्लीतली, दोघी एका पाटीवर अक्षरं गिरवलेल्या. तिनं कॉलेजच्या मागे जागा हेरून ठेवली होती. दोन खोल्या, पुढे टिनाचं शेड, पाण्याची टाकी. मालक म्हणत होता, पोरांची ॲडमिशनं सुरू व्हायच्या आत काय ते सांगा.

"बेबे, जागा हातची जाईन," जमनाबाई फोनवर म्हणायची. "मी एकटी घेऊ शकत नाई, अन् तुह्याबिगर दुसरीले घेनार नाई. कुठवर आलं?"

"पाहून जाऊन राह्यले लोकं."

"पाहून जातेत तं घेत काहून नाई?"

"तुबी काहूनच इचारजो," बेबीताई म्हणायची आणि फोन ठेवायची.

सगळ्यात जास्त राग तिला गल्लीचा यायचा. मालेगावकडचं एक गिऱ्हाईक अगदी जमत आलं होतं. त्यानं बोअर चालवून पाहिली, भिंतीवर बोटानं टकटक करून पाहिलं, मान डोलावली. परत जाताना त्याला ओट्यावरून नानाजींनी हाक मारली. नानाजी म्हणजे गल्लीचे सगळ्यात जुने. घराचा पाया खोदला तेव्हा हजर होते, आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला हजरच. त्यांनी त्या माणसाला मायेनं पाणी दिलं आणि मायेनंच सांगितलं, "घर एक नंबर आहे बाप्पा. पन बाई चांगलं घर सोडून काहून जाऊन राह्यली, हे मात्र मलेबी नाई समजलं."

तो माणूस पुन्हा फोन उचलेना.

"नानाजी, तुमी त्याले काय सांगतलं?" बेबीताईनं जाऊन विचारलं.

"वाईट एक शब्द नाई सांगतला, लेकी. चांगलंच सांगतलं."

"तेच तं सांगाचं नव्हतं."

म्हणून पुण्याहून वैभवी आली आणि तिनं आपली युक्ती सांगितली, तेव्हा बेबीताईनं एकच अट घातली. गल्लीला पत्ता लागता कामा नये.

वैभवी तिच्या भावाची मुलगी. पुण्यात एका बिल्डरच्या ऑफिसात घरं विकायच्या खात्यात होती. शनिवारी सकाळी बॅग टेकवली न टेकवली तोच ती घरभर फिरली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आत्या, तुझं चुकतंय काय सांगू? एकेक गिऱ्हाईक एकेकटं येतं. एकटा माणूस शंका घेऊन येतो नि शंका घेऊनच जातो. आम्ही ओपन हाऊस ठेवतो. एक दिवस ठरवायचा. ज्याला पाहायचंय त्यानं त्याच दिवशी यायचं, दार उघडं. चार जण एकमेकांना पाहतात. मग प्रत्येकाला वाटतं, हा घेईल नि मी राहीन."

"दार तं माह्यं रोजच उघडं असते."

"तसं नाही. मी टाकलंय सगळीकडे. वाशीम, रिसोड, मालेगावच्या ग्रुपांवर. उद्या रविवार, सकाळी दहापासून. फोन येतायत. आसेगावचे एक शिक्षक आहेत, त्यांची इकडे बदली झालीये, ते तर नक्की येतायत. बायकोला घेऊन."

हे ऐकून बेबीताईच्या मनात प्रथमच काहीतरी हललं. बायकोला घेऊन येणारा माणूस नुसता पाहायला येत नाही.

"बरं. मंग करू काय?"

"आधी हे सगळं आत." वैभवीनं हात फिरवला, आणि त्या एका हाताखाली देवीदासचा हार घातलेला फोटो, तिरुपतीचं कॅलेंडर, भरतकामाचे पोपट, शाळेच्या पोरांबरोबरचा फोटो, असं सगळं आलं. "घेणाऱ्याला हे घर तुझं वाटायला नको, आत्या. त्याचं वाटलं पाहिजे. त्याला मनातल्या मनात आपला टीव्ही तिथं लावता आला पाहिजे. आपले देव इथं मांडता आले पाहिजेत."

"अन् माह्ये देव?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

बेबीताई देवळीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग कॉलेजमागची जागा तिच्या डोळ्यांपुढे आली. तिनं देवांना हात जोडले, एकेकाला पुसलं आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत, नीट बसवलं. देवाला ठेवावंच लागलं तर तांदळात ठेवावं, एवढी रीत तिनं सोडली नाही.

"उद्या चूल पेटवायची नाही," वैभवी आतून म्हणाली. "फोडणीचा वास पडद्यात बसतो."

"अन् येनाऱ्याले चाय?"

"चहा तर मुळीच नाही. चहा पाजला की गिऱ्हाईक पाहुणा होतं. पाहुणा बसतो, खातो, 'सांगतो' म्हणतो आणि जातो. आजवर किती जण असे गेले तुझे?"

हे मात्र बेबीताईच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. सगळे चहा पिऊनच गेले होते.

दुपारी फय्याज बिछायतवाला टेम्पो घेऊन आला. वैभवीला अंगणात खुर्च्या हव्या होत्या, आणि आतल्या दिवाण-सोफ्यावर घालायला पांढऱ्या खोळी. पांढऱ्यानं खोली मोठी दिसते म्हणे. फय्याजनं खुर्च्या उतरवल्या, सतरंजी उतरवली, न मागता पाण्याचे दोन जारही उतरवले. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसायचं. आज तो पावलं न वाजवता चालत होता. आत डोकावून त्यानं रिकामी देवळी पाहिली, उघड्या भिंतींवरचे चौकोन पाहिले, आणि नजर खाली घातली.

"फय्याजभाऊ, पैसे घेऊन जा," बेबीताई म्हणाली.

"राहू द्या ताई. असल्या टायमाले पैसे नसतेत घेत. नंतर पाहू." मग दारातून वळून, आणखी हळू, "काही लागलं तं आवाज द्या. आमी हाओ."

"किती बदलला हा," बेबीताई म्हणाली. वैभवी म्हणाली, "कस्टमर सर्व्हिस."

रविवारी सकाळी नऊलाच ऊन अंगणात येऊन बसलं होतं. वैभवीनं प्रत्येक खोलीत अगरबत्ती लावली, कारण चांगल्या वासानं गिऱ्हाइकाचं मन उघडतं. धुरानं तिचेच डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून रुमालानं डोळे पुसत उभी होती, तेव्हा पहिलं माणूस आलं.

गोमतीबाई आली. शेजारीण. सांडपाण्याच्या नालीवरून दोघींची बोलचाल बंद होती, ती इतकी जुनी की आता नाली कुठे होती तेही कुणाला नीट आठवत नव्हतं. ती गोमतीबाई हातात फडकं झाकलेलं ताट घेऊन आली, ताट ओट्यावर ठेवलं आणि बेबीताईचा हात हातात घेतला.

बेबीताईला हात सोडवून घ्यावासा वाटला. आली वास घेत, तिच्या मनात आलं. कसं समजलं हिला?

"होते असं," गोमतीबाई म्हणाली. "कोनाच्या हातात थोडीच असते."

"माह्याच हातात आहे. मीच ठरवलं."

गोमतीबाईनं तिच्याकडे फार वाईट वाटून पाहिलं. "नाई व माय. असं नको म्हनू. आपल्याले दोष नाई द्यायचा."

"दोष कायचा? मले जाचंच होतं इथून."

"असं अभद्र नाई बोलू," म्हणून गोमतीबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि आत जाऊन सतरंजीवर बसली. तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघी आल्या. त्याही बसल्या. कुणी बोलेना.

बाहेर नानाजी आले होते. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर स्वच्छ टोपी. ते पहिल्या रांगेत बसले. मग गल्लीतले आणखी पुरुष येत गेले, चपला फाटकाशी काढत गेले, हात जोडत गेले, बसत गेले. खुर्च्या भरल्या. लिंबाच्या सावलीत सगळे मान खाली घालून बसले होते, आणि मधूनच कुणीतरी लांब श्वास सोडत होतं.

"आत्या, गर्दी बघ," वैभवी आत येऊन कुजबुजली. तिचे डोळे आता आणखी लाल झाले होते. "पण आत कोणी येईना. नुसते बसलेत."

"गिऱ्हाइकं नाई ते. माह्यीच गल्ली आहे." बेबीताईच्या कपाळाची शीर उडत होती. "मोडाले आले. एकानं मोडलं होतं, आता सारे मिळून मोडतीन. तूच काहाडलं तोंडातून."

"मी कोणाला काही सांगितलं नाही."

"मंग नानाजी टोपी घालून काहून आले?"

वैभवीनं अंगणाकडे पाहिलं. ती विकायच्या खात्यातली मुलगी, तिनं समोर माणसं आहेत तर घर दाखवायचं ठरवलं. ती बाहेर गेली, नानाजींपुढे किंचित वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, या ना. आतली खोली बघून घ्या."

नानाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाई पोरी. माह्यी पाहाची हिंमत नाई."

"खोली मोठी आहे हो."

"असू दे," नानाजी म्हणाले, आणि टॉवेलनं डोळे टिपले.

याच वेळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. तिशीतलं जोडपं. तो हरीओम, आसेगावचा शिक्षक, तिची ओळख मागून झाली, सपना. बेबीताईनं खिडकीतून पाहिलं. आले. खरे आले. तिनं पदर सारखा केला, हात पुसले, चेहऱ्यावरचा राग उतरवायचा प्रयत्न केला.

हरीओमनं अंगण पाहिलं. चेहरा उतरला. त्यानं हळूच चपला काढल्या, हात जोडले आणि मागच्या रांगेत टेकला. सपना डोक्यावर पदर घेऊन आत आली, रिकाम्या देवळीकडे एक नजर टाकली, बायकांमध्ये बसली. बेबीताई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"या बाई. घर दाखवू?"

सपनानं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीतीसारखं काहीतरी होतं. "नाही काकू. आज नको."

"आज नाई तं कवा? आजच तं ठेवलं आहे."

गोमतीबाईनं मागून बेबीताईचा पदर ओढला. "बस व तू. डोकं ठिकान्यावर नाई तिचं," ती सपनाला म्हणाली.

सपना उठली. बाहेर हरीओमही उठला. दोघं कुणाला 'येतो' न म्हणता निघाले, मान खाली घालून, जसं अशा घरातून निघतात. बेबीताईला ते निघणं ओळखीचं वाटलं, आपणही कुठे कुठे असंच निघालो होतो, आणि ओळखीचं का वाटतंय ते डोक्यात पुरतं पोहोचायच्या आत वैभवी मोबाईल हातात धरून धावत आली. स्पीकर चालू होता. इंझोरीहून तिचा बाप सुदाम बोलत होता, आणि त्याचा आवाज शेतात आरोळी द्यावी तसा अंगणभर गेला.

"बेबे, शिरपुरात म्हनतेत मी गेलो. मले मालेगावाहून फोन आला. तुले काही मालूम आहे काय?"

अंगणातले सगळे फोनकडे पाहायला लागले.

नानाजींनी मान वर केली. "हा तं सुदामचा आवाज आहे."

"सुदामच बोलून राह्यलो," फोन म्हणाला. "कोन आहे? नानाजी काय? नमस्कार नानाजी."

"नमस्कार," नानाजी म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली. "तब्येत कशी आहे?"

बेबीताईनं फोन घेतला, बंद केला, आणि ओसरीवर उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. पण इतका राग आला की आवाज खालीच गेला, आणि खालच्या आवाजानं सगळ्यांचे कान उभे राहिले.

"कोनी मेलं नाई," ती म्हणाली. "घर इकाचं होतं, म्हनून साफ केलं. तुमी बसाले आले. माह्या भावाले मारलं तुमी, जिता मानूस. कोनी इचारलं काय मले?"

"मरनाच्या घरी इचारत असतेत काय?" गोमतीबाई दारात येऊन म्हणाली. आता तिचाही पारा चढला होता. "काल फय्याजनं पांढऱ्या खोळी आनल्या. सुदामची पोरगी पुन्याहून अचानक आली, रडून रडून डोळे लाल, मंग तिचा बापच गेला असन. देवळीत देव नाई. सकाळपासून तुह्या घरातून धूर नाई का फोडनी नाई. आमी काय समजाचं? मी दहा भाकरी टाकल्या तुह्यासाठी. तुह्याशी बोलली मी. अन् मेलं कोनीच नाई."

"पांढऱ्यानं खोली मोठी दिसते," वैभवी अगदी बारीक आवाजात म्हणाली.

नानाजींनी तिच्याकडे पाहिलं. "पोरी, मरनाच्या घरची खोली नेहमीच मोठी दिसते."

मागच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं, मग दुसरं, आणि मग ज्यांनी सकाळपासून श्वास सोडले होते ते सगळे टॉवेलात तोंड घालून हलायला लागले. बेबीताईला हसू आलं नाही. ती फाटकाकडे पाहत होती. हरीओमनं मोटारसायकलला किक मारली होती.

ती अनवाणी तशीच अंगण ओलांडून गेली. जमीन तव्यासारखी तापली होती.

"मास्तर, थांबा. ऐकलं न तुमी? कोनी गेलं नाई."

"ऐकलं काकू." हरीओम कसनुसा हसला. "बरं झालं. आम्ही येऊ पुन्हा कधीतरी."

तो 'कधीतरी' बेबीताईला पाठ होता. मालेगावचा माणूसही तोच ठेवून गेला होता. जाऊ द्यावं, तिच्या मनात आलं, जाऊ द्यावं सगळं, जमनीला फोन करून सांगावं की दुसरी पाहा, आणि बसावं फोडणीचा भात खात. पण तिचे पाय भाजत होते आणि समोरच्या पोरीचे ओठ सुकलेले होते.

"ऊन पाहा वरचं. घोटभर पानी तरी पेऊन जा," ती म्हणाली. हे म्हणणं घर विकण्यासाठी नव्हतं. तिला दुसरं काही बोलताच आलं नसतं.

सपना गाडीवरून उतरली.

मग बेबीताई आत गेली, तांदळाचा डबा उघडला, देव काढले, झटकले आणि देवळीत मांडले, जरा आपटूनच. त्याच डब्यातले तांदूळ मापाशिवाय परातीत ओतले. या वेळी हात चुकला नाही. गॅस पेटवला, मोठं पातेलं चढवलं, आणि तेलात मोहरी तडतडली तशी बाहेर सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"आत्या, वास," वैभवी पायरीवर बसून म्हणाली, सवयीनं.

"येऊ दे वास. कांदे चीर."

"मी चुकले गं."

"तू नाई चुकली. एक दिवस ठरवला, चार मानसं गोळा केली, ते बरोबरच होतं. मीच गल्लीपासून लपवलं. आपल्या गावात कोनाले न सांगता आवरलेलं घर फक्त मरनाचं असते, हे मले कळाले पायजे होतं." ती पातेल्याशी बोलल्यासारखी बोलत होती. "बारीक चीर. खानावळीत असे डोंगर नाई चालत."

ताटं कमी पडली, म्हणून गोमतीबाईनं आपली आणली. तिच्या भाकरीही निघाल्या. एकानं शंका काढली की मरणाच्या घरासाठी केलेली भाकर चालते का, तर नानाजींनी निकाल दिला, "मेलं नाई तं भाकर साधी." फय्याज पैसे मागायला आला आणि खिचडी वाढायला लागला. सगळं अंगण बोलायला लागलं, आणि जे बोलत होतं ते ऐकून बेबीताईचा जीव पुन्हा कासावीस झाला.

"पाहा मास्तर," नानाजी हरीओमला सांगत होते, घास हातात धरून, मायेनं. "ह्या बाईचा पाय इथून निंगन काय? हे सारं सोडून ते कोठी जाते? आज बोलते, उद्या नाई इकत, लिहून घ्या."

हरीओमनं मान हलवली. "मलाही तेच वाटतंय. काकू, खरं सांगा, विकायचंच आहे ना? नाहीतर काहून—"

बेबीताईनं पळी पातेल्यावर अशी ठेवली की तो शब्द तिथंच राहिला.

सपना मात्र त्यांच्यात नव्हती. ती ताट धुऊन स्वयंपाकघरात आली होती. खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली. धूर कुठून जातो ते पाहिलं. ओट्याला कंबर टेकवून पाहिली, तिच्या उंचीला ओटा बरोबर होता. मग बाहेर अंगणात गेली. लिंबाखाली रांजणाशी वाकली, वाटीनं पाणी घेतलं, प्यायली. पुन्हा घेतलं. तिच्या आसेगावच्या खोलीत पाणी टँकरचं यायचं, आणि ते प्लास्टिकच्या ड्रमात उकळल्यासारखं तापायचं, असं तिनं मागाहून सांगितलं.

"काकू," ती म्हणाली, "हा रांजण नेसान का तुमी वाशिमले?"

बेबीताई थबकली. आजवर इतके आले, इतक्यांनी भिंती वाजवल्या, चहा प्यायले. प्रत्येकानं ती का जाते ते विचारलं होतं. ती काय घेऊन जाणार आणि काय ठेवून जाणार, हे एकानंही विचारलं नव्हतं.

"ह्यांनी पुरला होता," ती म्हणाली. "नवं घर झालं तवा."

"निघायचा नाही तो. काढाले गेलं तर फुटन." सपनानं रांजणाच्या काठावर तळहात ठेवला. "राहू द्या इथंच. मी भरत जाईन."

हरीओम मागून आला, आणि बायकोचा तो हात पाहून परत गेला. आत जाऊन त्यानं बोअरची मोटार चालू केली आणि नानाजींना विचारलं की इथून शाळा चालत किती लांब पडते.

बेबीताईनं वैभवीचा मोबाईल घेतला आणि घराच्या मागे, गोमतीबाईच्या भिंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली. ओल्या हातानं बटणं लागत नव्हती. मग लागली.

"जमने, मालकाले सांग, जागा ठेव म्हनाव."

"इकलं काय?"

"नाई. रांजण ठेवून जा म्हनते."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग जमनाबाई म्हणाली, "मंग मी मोठं पातेलं घेऊन टाकते."

भिंतीपलीकडे गोमतीबाई आपलं उरलेलं ताट घासत होती. राखेचा आवाज थांबला. "बेबे," ती तिथूनच म्हणाली, "पन एक सांग. काहून जाऊन राह्यली तू?"

बेबीताईनं फोन कानापासून दूर केला. कपाळाची शीर पुन्हा उडाली.

"खानावळ टाकाले व माय," ती म्हणाली. "खानावळ टाकाले."

"ते समजलं मले," गोमतीबाई म्हणाली.